एका शब्दाची तीन घरे

माणसांप्रमाणे शब्दांचीही घराणी असतात. एका घरात वाढलेली भावंडे पुढे वेगवेगळ्या मुलखांत जाऊन राहतात, निरनिराळे उद्योग पत्करतात, आणि चार पिढ्या उलटल्या की त्यांची नातवंडे-पतवंडे एकमेकांना ओळखेनाशी होतात. चेहऱ्याची ठेवण तेवढी सारखी उरते; स्वभाव मात्र पार निराळे झालेले असतात. युरोप खंडात असाच एक लहानसा शब्द आहे. इंग्लंड, जर्मनी आणि स्वीडन या तीन देशांत तो अगदी एकाच रीतीने लिहिला जातो. पण एका देशात तो एखाद्या वस्तूवर लिहिलेला दिसला की माणूस आनंदाने हात पुढे करतो. दुसऱ्या देशात तो दिसताच पुढे केलेला हात झटकन मागे घेतो. आणि तिसऱ्या देशात एखाद्या गृहस्थाविषयी तो वापरला, तर त्या गृहस्थाचे लग्न झालेले आहे एवढाच बोध होतो. हा शब्द म्हणजे ‘गिफ्ट’.

इंग्रजीतील ‘गिफ्ट’ मराठी मुलांना चांगलाच परिचयाचा आहे. वाढदिवसाला रंगीत कागदात गुंडाळलेली वस्तू हाती पडली, म्हणजे मराठी घरातही आता तिला ‘गिफ्ट’ म्हणतात. हा शब्द एवढ्याच ओळखीवर एखाद्या मुलाने जर्मनीत नेला, तर त्याची मोठी फजिती व्हायची. तेथे ‘गिफ्ट’ म्हणजे विष. विषारी सापाला जर्मन लोक ‘गिफ्टश्लांगे’ म्हणतात. घातक औषधे ज्या कपाटात कुलूप लावून ठेवतात, त्याचे नाव ‘गिफ्टश्रांक’. हे नाव वाचून एखाद्या इंग्रज मुलाला वाटेल, की या कपाटात वाढदिवसाच्या भेटी रचून ठेवलेल्या असाव्यात! स्वीडनमध्ये तर आणखी गंमत आहे. तेथे ‘गिफ्ट’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक अर्थ ‘विवाहित’ आणि दुसरा अर्थ ‘विष’. या शेजारावरून स्वीडिश लोक एकमेकांची थट्टा करतात, हे सांगावयास नकोच.

शेजारच्या भाषांत अशा फसव्या जोड्या पुष्कळ आढळतात. सर्व मुलांना शिक्षा मिळालीच पाहिजे, असे एखाद्या हिंदीभाषी पुढाऱ्याने म्हटले, तर गावोगावी शाळा निघाव्यात असा त्याचा आशय असतो. हेच वाक्य मराठी मुलांनी ऐकले, तर ती घाबरून घरी पळतील. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे आणि शिकवण. हिंदीने तो अर्थ जतन केला. मराठीने गुरुजींच्या हातातील छडी तेवढी लक्षात ठेवली. तेव्हा युरोपातील ‘गिफ्ट’ची कथा ही काही जगावेगळी नव्हे. ती जरा अधिक लांबची आणि अधिक खोल आहे, इतकेच.

या कथेचा आरंभ अगदी साध्या क्रियेत आहे. ती क्रिया म्हणजे ‘देणे’. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या साऱ्या भाषा जर्मानिक नावाच्या एकाच कुळातील होत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या एकमेकींपासून फारशा दुरावल्या नव्हत्या. देण्यासाठी त्यांच्याजवळ एकच धातू होता. इंग्रजीतील ‘गिव्ह’ आणि जर्मनमधील ‘गेबेन’ ही त्याचीच आजची रूपे. मराठीत ‘देणे’ या क्रियापदाशी जसे ‘देणगी’चे नाते, तसेच त्या धातूशी ‘गिफ्ट’चे. जे दिले जाते ते ‘गिफ्ट’. काय द्यावयाचे, कोणाला द्यावयाचे आणि कशासाठी द्यावयाचे, याविषयी तो शब्द मुळात काहीच बोलत नव्हता. पुढे प्रत्येक देशाने आपापल्या चालीरीतींप्रमाणे त्याची उत्तरे दिली आणि एका शब्दाची तीन घरे झाली.

पहिले घर इंग्लंडचे. तेथील जुन्या भाषेत या शब्दाचा उच्चार ‘यिफ्ट’ असा काहीसा होता आणि त्याचा अर्थ वधूसाठी वराकडून दिले जाणारे धन असा मर्यादित होता. अनेकवचनी रूपाचा अर्थ तर चक्क ‘लग्न’ असा होई. इ. स. ७९३ मध्ये उत्तरेकडील समुद्रातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी लिंडिस्फार्न येथील मठावर हल्ला केला. त्यानंतर कित्येक वर्षे हे लोक लुटालूट करण्यासाठी येत राहिले. पुढे त्यांतील पुष्कळांनी इंग्लंडातच शेतीवाडी करून घरे बांधली. लढाया विसरल्या गेल्या. त्यांचे शब्द मात्र राहिले. अंड्याला ‘एग’, आकाशाला ‘स्काय’ आणि खिडकीला ‘विंडो’ म्हणावयास इंग्रज शिकले, ते या पाहुण्यांकडूनच. ‘गिफ्ट’च्या आरंभीचा ठणठणीत ‘ग’ हीदेखील त्यांचीच देणगी. उच्चार बदलला, त्याबरोबर अर्थही मोकळा झाला आणि प्रेमाने दिलेली कोणतीही वस्तू ‘गिफ्ट’ ठरली. मौज अशी की, ज्या उत्तरेकडून हा ‘ग’ इंग्लंडात आला, तेथील स्वीडिश लोक पुढे तो ‘ग’ विसरले. ते आज ‘गिफ्ट’ असे लिहून ‘यिफ्त’ असे वाचतात!

दुसरे घर याच उत्तरेकडील लोकांचे. तेथे ‘गिफ्ट’ म्हणजे ‘दिलेली’. दिलेली कोण, तर वडिलांनी लग्न करून दुसऱ्या घरी दिलेली मुलगी. हा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. “तुमची थोरली कुठे दिली?” “तिला साताऱ्यास दिली.” असे संवाद मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहेत. स्वीडिश भाषेने त्या जुन्या प्रथेची खूण शब्दात जपून ठेवली. परंतु ती तेथेच थांबली नाही. काळ पालटला, मुली आपल्या इच्छेने विवाह करू लागल्या आणि ‘गिफ्ट’ हा शब्द स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच लागू पडू लागला. आज स्वीडनमध्ये नवरादेखील ‘दिलेला’ असतो! ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या प्रसिद्ध स्वीडिश लेखकाने १८८४ साली वैवाहिक जीवनावरील कथांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नावही याच शब्दापासून साधलेले आहे.

तिसरे घर जर्मनीचे. एके काळी तेथेही ‘गिफ्ट’ म्हणजे देणगीच होती. त्याची साक्ष ‘मिटगिफ्ट’ या शब्दात सापडते. ‘मिट’ म्हणजे सोबत. मुलीसोबत सासरी जे धन पाठवावयाचे ते ‘मिटगिफ्ट’. मग एकट्या ‘गिफ्ट’चे विष कसे झाले? याचे उत्तर शोधावयाचे तर ग्रीक वैद्यांच्या दवाखान्यात डोकवावे लागते.

ग्रीक भाषेत ‘दोसिस’ असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘देणे’. वैद्य रोग्याला एका वेळी जेवढे औषध देई, तेवढ्या मात्रेला ग्रीक वैद्य ‘दोसिस’ म्हणू लागले. हा शब्द लॅटिन वैद्यकग्रंथांत गेला. जर्मन भाषेत त्याचा प्रतिशब्द शोधण्याची वेळ आली तेव्हा भाषांतरकारांनी सरळ विचार केला. ‘दोसिस’ म्हणजे देणे, आणि देण्यासाठी शब्द आहे ‘गिफ्ट’. अशा रीतीने ‘गिफ्ट’ औषधाच्या मात्रेसाठी वापरात आला. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. हळूहळू शब्दाने ते अंतरही ओलांडले आणि ‘दिलेली मात्रा’ म्हणजे ‘दिलेले विष’ असा अर्थ रूढ झाला.

‘दोसिस’ हा शब्द दिसावयास परका असला, तरी मराठीचा तो दूरचा आप्त आहे. ग्रीक भाषेत ‘मी देतो’ याला ‘दिदोमी’ म्हणतात आणि संस्कृतात ‘ददामि’. लॅटिनमध्ये देणगीला ‘दोनुम’ म्हणतात आणि संस्कृतात ‘दानम्’. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये तेथील एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या असाव्यात, असा विचार मांडला होता. तो विचार पटवून देण्यास ‘दिदोमी’ आणि ‘ददामि’ ही जोडी पुरेशी आहे. त्याच ‘दोसिस’चा इंग्रजीत ‘डोस’ झाला आणि इंग्रजीतून तो मराठीत आला. आज घरोघरी खोकल्याच्या औषधाचे डोस दिले जातात आणि कंटाळलेली मुले वडीलधाऱ्यांना उपदेशाचे डोस पाजू नका म्हणून विनवतात. ‘दान’ आणि ‘डोस’ ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत, हे मात्र कोणाच्या ध्यानीही नसते.

जर्मन ‘गिफ्ट’ आणि ग्रीक ‘दोसिस’ यांची एक अविस्मरणीय गाठ पडली, ती पॅरासेल्सस या वैद्याच्या लेखणीतून. पॅरासेल्सस मूळचा स्वित्झर्लंडमधील. विद्वानांनी लॅटिनमध्येच बोलावे अशी त्या काळाची रीत असता, या स्वतंत्र वृत्तीच्या माणसाने १५२७ साली बाझेल येथील विद्यापीठात जर्मन भाषेतून व्याख्याने दिली. आपल्यावरील आक्षेपांना उत्तर देताना १५३८ मध्ये त्याने असे प्रतिपादन केले, की प्रत्येक पदार्थात विषाचा अंश असतोच. तो पदार्थ विष ठरणार की नाही, हे केवळ त्याच्या प्रमाणावर अवलंबून राहते. मूळ जर्मन वाक्यात विषासाठी ‘गिफ्ट’ आणि प्रमाणासाठी ‘दोसिस’ हे दोन्ही शब्द आले आहेत. एकाच अर्थाने जन्मलेले दोन शब्द तेथे आमनेसामने उभे राहिले आणि त्यांच्या भेटीतून वैद्यकशास्त्राचे एक महत्त्वाचे सूत्र निघाले. मराठीत जुन्या जाणत्यांनी हाच अनुभव ‘अति तेथे माती’ अशा तीन शब्दांत सांगून ठेवला आहे.

विषाला ‘देणे’ म्हणण्यामागे आणखीही एक कारण असावे. भयंकर गोष्टीचे नाव उघडपणे घेण्यास माणूस कचरतो. घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणतात. रात्रीच्या वेळी सापाचे नाव काढू नये म्हणून ‘जनावर’ निघाले असे सांगतात. त्याचप्रमाणे विष हा शब्द तोंडावाटे काढण्यापेक्षा ‘त्याला कोणी तरी काही तरी दिले’ असे हळू आवाजात म्हणणे लोकांना बरे वाटले असेल. असे झाकून बोललेले शब्द काही काळाने झाकण टाकून देतात. त्यांच्याखाली लपवलेला अर्थच त्यांचा खरा अर्थ होऊन बसतो.

‘गिफ्ट’ने देणगीचे काम सोडले, तेव्हा जर्मन भाषेला भेटवस्तूसाठी दुसरा शब्द हवा होता. तिने निवडलेला एक शब्द आहे ‘गेशेंक’. हा ज्या क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘पेला भरणे’ असा होता. दारी आलेल्या पाहुण्यासमोर पेय ओतून ठेवावे, हा आदरातिथ्याचा पहिला विधी. त्यावरून ‘गेशेंक’ म्हणजे भेट. इकडे इंग्रजीत काय झाले ते पाहावे. इंग्रजीत विषाला ‘पॉयझन’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ आहे लॅटिनमधील ‘पोतिओ’. त्याचा अर्थ होता ‘पेय’. संस्कृतातील ‘पान’ आणि ‘पेय’, तसेच मराठीतील ‘पिणे’ आणि ‘पाणी’ हे सारे त्याचेच आप्त. म्हणजे इंग्लंडात देणे ही भेट झाली आणि पेय हे विष झाले. जर्मनीत देणे हे विष झाले आणि पेय ही भेट झाली. दोन शेजारी देशांनी दोन शब्दांची जणू अदलाबदल केली!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांना या कोड्याने आकृष्ट केले. १९२४ साली त्यांनी ‘गिफ्ट’ या एका शब्दाच्या दोन अर्थांवर एक छोटा निबंध लिहिला. प्राचीन काळी भेट म्हणून बहुधा पेयच पुढे केले जाई, आणि हाती आलेल्या पेल्यात स्नेह आहे की घात आहे, हे पिणाऱ्याला आधी कळत नसे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या निबंधाचा विषयही देणगी हाच होता. घेतलेली देणगी माणसाला बांधून टाकते आणि परतफेडीची अपेक्षा निर्माण करते, हा त्याचा गाभा आहे. तेव्हा भेट आणि विष या दोन अर्थांचे एका शब्दात एकत्र येणे हा निव्वळ अपघात नव्हे. मानवी व्यवहारातही ती दोन्ही पुष्कळदा एकाच हाताने दिली जातात.

हिमगौरीची गोष्ट माहीत नसलेले मूल विरळा. सावत्र आईने म्हाताऱ्या शेतकरणीचे सोंग घेऊन तिला सफरचंद देऊ केले. फळाची एक बाजू पांढरी होती आणि दुसरी लाल. विष केवळ लाल बाजूत भरलेले होते. हिमगौरीचा विश्वास बसावा म्हणून त्या दुष्ट बाईने पांढरा अर्धा भाग स्वतः खाल्ला आणि लाल अर्धा तिच्या हाती दिला. ‘गिफ्ट’चे दोन्ही अर्थ त्या एका फळात सामावलेले आहेत. ही कथा १८१२ मध्ये प्रसिद्ध करणारे याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे बंधू मोठे भाषापंडितही होते. जर्मन भाषेचा एक प्रचंड शब्दकोश रचण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. परंतु आयुष्य पुरले नाही. १८६३ मध्ये याकोब वारले, तेव्हा त्यांचे लेखन ‘फळ’ या अर्थाच्या जर्मन शब्दापर्यंत येऊन थांबले होते. ‘गिफ्ट’ अजून पुढे होता. तो कोश पुढील पिढ्यांतील विद्वानांनी चिकाटीने चालू ठेवला आणि १९६१ मध्ये पूर्णत्वास नेला.

योगायोग असा की, त्याच १९६१ साली भारताच्या संसदेने हुंडा प्रतिबंधक कायदा संमत केला. मुलीसोबत सासरी धन पाठवण्याची चाल युरोपात होती, तशी भारतातही होती. कौतुकाने दिलेल्या दोन वस्तूंच्या जागी हिशेब आला, हिशेबातून मागणी आली, आणि ती पुरवताना कित्येक बाप कर्जात बुडाले व कित्येक मुलींना छळ सोसावा लागला. काहींना प्राणास मुकावे लागले. ‘मिटगिफ्ट’ या शब्दातील उत्तरार्धाचा आजचा अर्थ येथे किती भयंकर रीतीने खरा ठरला! या कायद्याने हुंडा देणे, घेणे आणि मागणे हे तिन्ही गुन्हे ठरवले. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भेद स्पष्ट केला. कोणीही मागणी केलेली नसताना विवाहप्रसंगी वधूवरांना दिलेल्या भेटी शिक्षेस पात्र ठरत नाहीत. मात्र त्यांची नियमाप्रमाणे यादी ठेवावी लागते, आणि वधूच्या बाजूने दिलेल्या भेटी रीतीला व ऐपतीला धरून असाव्या लागतात. देणगी कोठे संपते आणि विष कोठे सुरू होते, हे ठरवण्याचा प्रश्न भाषेला शेकडो वर्षे पडला होता. तोच कायद्यापुढेही येऊन उभा राहिला. कायद्याने त्यासाठी ‘मागणी’ ही खूण वापरली.

डच भाषेने हा प्रश्न आपल्यापुरता फार सोप्या रीतीने सोडवला आहे. तिच्यातही दोन्ही अर्थ होते. घोटाळा टाळण्यासाठी देणगीचा तो ‘गिफ्ट’ आणि विषाचा तो ‘गिफ’, अशी वाटणी झाली. शेवटचे एक अक्षर गळाले आणि माणसे सावध झाली. आइसलँडच्या भाषेत विषाचा अर्थ शिरलाच नाही. तेथे ‘गिफ्टा’ म्हणजे सुदैव. त्या बेटावरील लोकांना देण्यामध्ये भाग्य दिसले.

आता हा शब्द मराठीच्या दारी येऊन पोहोचला आहे. येताना त्याने इंग्रजी वेश केला असल्यामुळे त्याच्या जर्मन आणि स्वीडिश भावंडांची कोणाला आठवण होत नाही. तरीही वाढदिवसाला एखादी वस्तू देताना तिची किंमत मोजून दाखवली, परतफेडीची आठवण करून दिली, किंवा घेणाऱ्याला मिंधे केले, तर त्या भावंडांपैकी एक जण हळूच आत शिरतो. गरीब मित्राला सहज हाती दिलेली पेन्सिल मात्र जगातील कोणत्याही भाषेत भेटच राहते. मुळात हा शब्द ‘देणे’ एवढेच म्हणत होता. बाकीचा अर्थ देणाऱ्यांनीच त्याच्यात भरला आहे.